बेचाळिशीचा घट

॥ श्री ॥

वडगाव निंबाळकर
दि. ६ ऑगस्ट २०२५

ती. सौ. म्हाळसावन्सं यांना राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुम्ही म्हणाल, घरात चार चार मोबाईल असताना माझ्या भावजयीला पत्राची हुक्की कुठून आली. तर वन्सं, मागच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी प्रेमाने जो निरोप बोलून पाठवलात, की राजे, गेली का गं तुझी पाळी का अजून रेंगाळतीय, तो तुमच्या भाच्याने ऋषिराजने गोठ्यातल्या स्पीकरवर लावला. ऐन धारेची वेळ, दूध न्यायला आलेली माणसे दारात उभी. मामंजींच्या हातातली चहाची बशी ओठापाशी गेली ती तिथेच राहिली. तुमचा आवाज मुळात असा की स्पीकरची गरज नव्हती. तेव्हापासून मी ठरवले, आपल्या दोघींचे बोलणे कागदावर आणि कागद पाकिटात. पेंडीचा टेम्पो घेऊन सावळाराम दर आठवड्याला भवानीनगरला येतोच. त्याला वाचता येते, पण चष्म्याशिवाय दिसत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की गेली नाही. सत्तेचाळीस पूर्ण झाली तरी वीजबिल चुकेल, ती चुकत नाही. आणि यंदा तसे चालणार नाही.

गेल्या दसऱ्याला घट उठवताना आत्याबाई गुडघे धरून खालीच बसल्या. मी आणि तुमच्या भावाने दोन्ही बाजूंनी धरून उठवले. तेव्हाच त्या म्हणाल्या, हा माझा शेवटचा घट. आपल्या घरची रीत तुम्हाला काय सांगायची. नवरात्रात घट बसवायचा, त्याला रोज पाणी घालायचे, माळ चढवायची, ते सगळे जिची अडचण कायमची सरली तिनेच. नऊ दिवसांत खंड नको. आजेसासूबाईंकडे घट बेचाळिशीला आला, आत्याबाईंकडे बेचाळिशीला आला. माझ्या बेचाळिशीला त्यांनी देव्हाऱ्याचे ताम्हन चिंचेने लख्ख घासून माझ्यापुढे ठेवले होते. तेच ताम्हन त्या पाच वर्षे घासत आहेत आणि माझ्याकडे बघत आहेत. आळीतल्या बायका विचारतात, काय गं राजेश्वरी, लेकीच्या, संस्कृतीच्या लग्नाआधी तुझाच पाळणा हलवायचा विचार आहे का.

मला जमले नाही तर घट भावकीत मोहनरावांच्या मंडळींकडे जाणार. तिची पिशवी अडतिसाव्या वर्षीच काढली आहे, त्यामुळे ती मोकळी. परवा डेअरीपाशी भेटली तेव्हा गालात हसली. वन्सं, घट या घरातून गेला तर मी इथे येऊन इतकी वर्षे काय केले, असे मला वाटते. भाकरी थापताना रडू येते.

म्हणून मीही पिशवी काढून घ्यायचे ठरवले आहे. एका दवाखान्यात दाखवले, रक्त जरा जास्त जाते म्हटले, त्यांनी लगेच तारीख दिली. गौरी गेल्या की लगेच. तुमच्या भावाला नुसती तपासणी आहे असे सांगितले आहे. तुम्ही तेवढे आठ दिवस या. म्हशी आणि आत्याबाई, दोन्ही तुमच्या हाताच्या सवयीच्या आहेत.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो स्पीकरवर न लावता असाच असू द्यावा.

तुमची,
राजेश्वरी


भवानीनगर
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्वरीस म्हाळसाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. देताना सावळारामने मान खाली घातली होती, म्हणजे त्याला चष्मा लागला आहे आणि त्याने तो करून घेतला आहे. यापुढे पाकीट खळीने चिकटव.

आता तुझ्याकडे वळते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते तुलाच बघून म्हटलं असणार. गौरी गेल्यावर पोट फाडून घ्यायचं आणि टाके नीट वाळायच्या आत नऊ दिवस उपाशीपोटी जमिनीवर बसायचं. कळशी तरी उचलता येईल का तुला तेव्हा? घट देवीचा आहे, त्याच्यासाठी आपलं भांडं फोडायला देवीने कधी सांगितलं?

आमच्या शेजारची वैष्णवी बघ. पस्तिशीत पिशवी काढली. अजून चाळिशी नाही, पण चार पायऱ्या चढायच्या तर कठडा धरते आणि भर थंडीत पंख्याखाली बसते. तिला खरंच काढावी लागली का, ते मला माहीत नाही. काहींना काढावीच लागते, त्याला इलाज नसतो. पण तुझं तसं काय आहे? दुखणं तुझ्या अंगात नाही गं, आपल्या घरच्या रितीत आहे.

मी स्वतः बेचाळिशीला मोकळी झाले तेव्हा केवढी मिरवले होते. म्हटलं, आईच्या घराण्याचा शिक्का आपल्यावर बसला. पण त्यानंतर दोन वर्षं अंगातून वाफा निघायच्या आणि डोक्यातूनही निघायच्या. त्याच पायी लोणच्याची एक बरणी भिंतीवर गेली. ती तुझ्या माहेरची होती, हे तू अजून विसरली नाहीस, हेही मला माहीत आहे.

माझं ऐक. दीपकला सगळं सांग, नाहीतर मी सांगेन, आणि माझा आवाज कसा आहे ते गोठ्याला माहीत आहे. बारामतीला एक बाई डॉक्टर आहेत, आमच्या जावेचा त्यांच्यावर भरवसा आहे. पत्ता मागे लिहिला आहे. त्यांनी काढ म्हटलं तर मी आठ काय, महिनाभर येऊन राहीन. नको म्हटलं तर मात्र तू मला पुरणपोळी घालायची.

मुलांना पापे, आईला नमस्कार. आशीर्वाद भरपूर आहेत, राग त्याहून थोडा कमी.

म्हाळसा


वडगाव निंबाळकर
दि. २१ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

पुरणाची डाळ भिजत घालते. तुम्ही जिंकलात.

तुमच्या भावाला सगळे सांगितले. ते उसाचे पाणी बंद करून बांधावर आले. मग म्हणाले, मला वाटलं तपासणी म्हणजे डोळ्यांची. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी गाडीत जाऊन बसले. बारामतीच्या त्या दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा सगळ्या बायकांत तेवढा एकच पुरुष. त्यांनी तासभर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता इतका मन लावून वाचला की आता त्यांना कोणत्याही बाळाला कोणती लस कधी द्यायची ते पाठ आहे.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासले. पिशवीत काहीही वावगे नाही. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरलेले खायचे बंद करा, हेही सांगितले. पिशवी काढायची बात नाही. मी म्हटले, पण बाई, मला सत्तेचाळीस झाली, फार उशीर झाला. त्या म्हणाल्या, उशीर कसला, हीच तर वेळ. आपल्याकडे पुष्कळ जणींची याच वयाच्या आसपास जाते, पन्नाशी ओलांडली तरी नवल नाही.

मी छातीठोकपणे सांगितले की आमच्या घराण्यात बेचाळिशीलाच जाते. त्यांनी विचारले, घराण्यात म्हणजे कोणाची. सासूबाईंची आणि आजेसासूबाईंची, मी म्हटले. वन्सं, बाई अशा हसल्या की मला आधी राग आला. म्हणाल्या, अहो, त्या तुमच्या रक्ताच्या कुठे? त्या एकमेकींच्याही रक्ताच्या नाहीत. दोघी दोन गावांहून लग्न होऊन आलेल्या. रक्ताचे बघायचे तर तुमच्या आईचे सांगा. माझ्या आईची इंदापूरला एक्कावन्नाव्या वर्षी गेली, ते मी सांगितले, आणि सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला.

मग त्यांनी विचारले की दोन गावच्या दोन बायका, दोघींची इतक्या लवकर गेली, तर त्या घरात येऊन दोघींनी सारखे असे काय केले. मी आठवत होते. तोवर तुमचे बंधू, ज्यांनी तासभर तोंड उघडले नव्हते, ते तक्त्याकडे बघतच म्हणाले, मिश्री.

तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो डबा वन्सं, आपल्याकडे सासूने नव्या सुनेच्या हातात द्यायचा असतो. मलाही मिळाला होता. पहिल्याच दिवशी दाताला लावली आणि भोवळ येऊन चुलीपुढे पडले, तेव्हापासून आत्याबाई मला नाजूक म्हणतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, तंबाखूने पाळी लवकर जाते असे दिसून आले आहे. पण सगळे खापर डब्यावर फोडू नका. लहानपणची उपासमार, दुष्काळात खडी फोडलेली, चुलीचा धूर, हेही शरीराला लागते. अमुक एकानेच झाले असे त्या सांगणार नाहीत. एवढे मात्र नक्की, की बेचाळीस हे काही देवाने ठरवलेले वय नाही.

तुमचेही बेचाळीसच. मी तुमचे नाव घेतले नाही. तुमच्या भावाने घेतले.

तारीख रद्द केली आहे. येताना आम्ही भेळ खाल्ली, कितीतरी वर्षांनी दोघेच. पण घरी आले आणि ते ताम्हन दिसले. पिशवी वाचली, पण घट जाणार. आत्याबाईंना अजून यातले काहीच माहीत नाही आणि माझी सांगायची छाती होत नाही. तुम्हीच काहीतरी सुचवा.

रागावला असाल मिश्रीवरून, तर रागासकट माया असू द्या.

तुमची नाजूक भावजय,
राजेश्वरी


भवानीनगर
दि. २९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्वरीस अ. आ.

चार दिवस मी तुझ्यावर रुसले होते. तुला कळलंही नसेल, म्हणून कळवते.

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाली होतीस, ते टळलं, याचा आनंद इतका झाला की शेजारी गूळ वाटला. पण चोर आपल्याच घरात, माझ्याच उशाला निघाला, हे काही गोड लागलं नाही. दीपकला सांग, लहानपणी मी त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, त्याचे हे पांग फेडलेस.

असो. मी सोडायचं ठरवलं. सकाळी डबा माळ्यावर टाकला. दुपारी शिडी लावून उतरवायला गेले, तर आमच्या घरधन्यांनी खालून शिडी धरली आणि विचारलं, धरू का सोडू. म्हटलं, आता धरा, मग बघते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा. तेव्हा डबा सावळारामबरोबर तुझ्याकडेच पाठवत आहे. तुला भोवळ येते, म्हणजे जगात त्याला तुझ्याइतकं सुरक्षित घर नाही. मी हल्ली लवंग चघळते आणि सगळ्यांवर खेकसते. घरातले म्हणतात, फरक काही कळत नाही.

आता घटाचं. आईला तू सांगू नकोस, तुझा आवाज तिच्यापुढे निघत नाही. मी तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत आहे. संस्कृतीला म्हणावं, आजोबा शेतात गेले की आजीला मोठ्याने वाचून दाखव. त्यात मी आईला सगळं लिहिलं आहे. तारीख, सोनोग्राफी, मिश्री, तुझं भाकरी थापताना रडणं, सगळं. शेवटी विचारलं आहे की बाई, तुला घरात घट हवा का धडधाकट सून, आणि दोन्ही हवं असेल तर काय करायचं ते तूच सांग, कारण या घरात तुझ्यापुढे देवीचंही चालत नाही.

ती चिडेल. चिडू दे. चिडल्यावरच तिचं डोकं नीट चालतं.

गौरीला माझ्या वाटची करंजी ठेव. आशीर्वाद नेहमीचेच, फक्त यावेळी लवंगेच्या वासाचे.

म्हाळसा


वडगाव निंबाळकर
दि. १० सप्टेंबर २०२५

(आत्या, आजी सांगत आहे तसेच लिहिते आहे. शिव्या गाळल्या आहेत, त्यामुळे पत्र लहान झाले. — संस्कृती)

म्हाळसे, तुला दगडाबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोरीनं वाचून दावलं. दोनदा वाचाय लावलं. येकदा समजाया आन येकदा राग याया.

मिसरीचं म्हणशील तर मी ह्या घरात आल्यापसनं लावतिया. आता ह्या वयात सोडून काय माझी पाळी परत येनार हाय व्हय? तुझा डबा मिळाला. कच्ची भाजलीयास, पुन्ना तव्यावर टाकावी लागली. पन तू सोडलीस ती सोडच. लवंग खा न्हायतर खडं खा. आन ह्या लिहिनाऱ्या पोरीच्या हातात म्या डबा द्याची न्हाय. तो माझ्यासंगं जाईल. लिही गं, गाळू नगंस.

मला लागलं ते येगळंच. राजेश्वरी मला न सांगता पोट फाडाया निघाली हुती. म्या घट घे म्हनलं, तिची पिशवी कवा मागितली? ताम्हन घासत हुते ते घासायचं म्हनून घासत हुते. ती बघती म्हनून म्या बघत हुते. तिला नाजूक म्हनते ते नुसतं तोंडानं. माझ्या बाळंतपनापसनं दुखनाऱ्या कंबरंला आन ह्या गुडघ्याला तिनंच तेल चोळलंय, ते काय मी इसरले?

आठ दिस इचार केला. घटात आपुन काय करतो गं? रानातली काळी माती आनतो, त्यात गहू पेरतो, पानी घालतो आन हात जोडून म्हनतो, उगीव. मग जिच्या अंगात उगवायचं बळ हाय तिनं लांब बसायचं आन जिचं सरलंया तिनंच पेरायचं, ह्ये कुनी ठरिवलं? मला माझ्या सासूनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं. तो डबा बी त्याच वाटंनं आला.

यंदा घट राजेश्वरी बसवंल. अडचन आली तर येऊ दे. मोहनरावाच्या बायकूला निरोप धाडलाय, आरतीला ये, परसाद खा, घट आमच्यातच हाय.

तुझ्या दाल्ल्याला सांग, शिडी सोडू नगं.

तुझी आई


वडगाव निंबाळकर
दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वन्संना राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

दसरा आनंदात झाला. सोबत कागदात घटाचे धान आहे, ते आधी केसात खोवा, मग पुढे वाचा.

घट मी बसवला. माती तुमच्या भावाने विहिरीवरच्या वावरातून आणली आणि तीनदा चाळली, एवढी कधी पेरणीलाही कसली नसेल. आत्याबाई देवघराच्या दाराशी खाट टाकून बसल्या होत्या. गहू दाट पडले, पाणी कमी झाले, माळ वाकडी लागली, हे सगळे त्यांनी खाटेवरून सांगितले. गुडघे दुखतात, पण डोळ्यांना काही झालेले नाही.

चौथ्या माळेपर्यंत सगळे सुरळीत होते. पाचव्या दिवशी सकाळी कावळा शिवला. मी म्हटले ना, वीजबिल चुकेल, ती चुकत नाही. नहाण करून आले आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबले. आत्याबाईंनी पत्रात काय सांगितले ते मला माहीत होते, संस्कृतीने वाचून दाखवले होते. पण वन्सं, पत्रातले वेगळे आणि उंबरा वेगळा. पाय उचलेना. तुमचे भाऊ पडवीत उभे होते.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले, त्यांना कळायला वेळ लागत नाही. म्हणाल्या, माती सुकली, हुबी काय ऱ्हायलीस, घाल की पानी. मी आत गेले. थोडे पाणी बाहेर सांडले. मग मी तिथेच बसून रडले, आणि ते रडणे इतके सुखाचे होते की मधेच हसू आले. आत्याबाई म्हणाल्या, घटाला पानी घाल म्हनलं, डोळ्याचं न्हवं.

धान असे तरारून आले की माळ वर उचलून बांधावी लागली. मोहनरावांची मंडळी रोज आरतीला आली. अष्टमीला आरती झाल्यावर मागे थांबली आणि हळूच त्या डॉक्टरबाईंचा पत्ता विचारला. तिला फार वाफा येतात म्हणे, हाडे दुखतात, आणि इतकी वर्षे तिने ते कोणाला सांगितले नव्हते. पुढच्या महिन्यात मला परत दाखवायला जायचेच आहे, तेव्हा दोघी मिळून जाणार आहोत. तुमचे भाऊ म्हणतात, मी पण येतो, तक्त्याचा खालचा भाग वाचायचा राहिला आहे.

आत्याबाईंची तऱ्हा ऐका. काल आळीतल्या बायका सोने द्यायला आल्या होत्या, त्यांना स्वतःहून सांगत होत्या की आमची सून सत्तेचाळीस वर्साची हाय, अजून सगळं येळच्या येळी, इंदापूरची हाडं हायत. पाच वर्षे ज्या गोष्टीची मला लाज वाटायची, तिच्यावर आता त्या मिशीला पीळ दिल्यासारख्या फिरतात. तुमचा डबा अजून त्यांच्याजवळच आहे. संस्कृती आली की मांडीखाली सरकवतात. तुमचा लवंगेचा दुसरा महिना चालू आहे हे ऐकून म्हणाल्या, म्हाळसा माझ्यापेक्षा कणखर निघाली, पण हे तिला लिहू नको. म्हणून लिहिले.

काल घट उठवून झाल्यावर मी त्यांचे पाय चेपत होते. मनात आले म्हणून विचारले, आत्याबाई, पुढे कधी माझी जाईल, तेव्हा तुम्हाला सांगू का. पाच वर्षे ताम्हन घासून वाट बघितलेली ही बाई, वन्सं, माझ्याकडे बघून म्हणते, त्यात काय सांगायचं, जाईल तवा जाईल, घट काय तुझ्या पाळीसाठी थांबलाय व्हय.

दिवाळीला याल तेव्हा पुरणपोळी तयार असेल, शब्द दिला आहे. दाजींना आणि शिडीला नमस्कार. माया आहे तशीच उगवती ठेवावी.

तुमची,
राजेश्वरी